गाडी पुन्हा पुन्हा तापते, कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतं: शोध कुठून सुरू करायचा

थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप) बदलला, रेडिएटर धुऊन घेतला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं, पाण्यात मिसळलेलं द्रव; पुढे त्यालाच पाणीही म्हटलंय) नवं भरलं, आणि तरी काही दिवसांत काटा पुन्हा वर आणि बाटली पुन्हा अर्धी. असं झालं की बहुतेक जण पुढचा पार्ट बदलायला निघतात. आता वॉटर पंप, मग फॅन, मग रेडिएटरच नवा. या क्रमात कधीतरी खरा दोषी हाती लागतोही, पण तोवर दोन-तीन चांगले पार्ट भंगारात गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे दरम्यान गाडी दोन-चारदा जोरात तापली, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) जायला लागतं, आणि मग मूळ दोष काढला तरी तापणं थांबत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायचा: पाणी गेलं म्हणून गाडी तापली, की तापली म्हणून पाणी गेलं?

वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधाची वाट वेगळी आहे. पहिल्या प्रकारात कुठेतरी गळती आहे आणि तापणं हा तिचा परिणाम आहे. दुसऱ्या प्रकारात गळती कुठेच नसते. इंजिनाची उष्णता बाहेर टाकणं जमत नाही, कूलंट उकळतं, दाब धरून ठेवणाऱ्या कॅपमधून बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर जातं. अशा गाडीत गळती शोधणारा माणूस दिवसभर बोनेटखाली डोकं घालून बसला तरी त्याला काही सापडणार नाही. हेड गॅस्केटचं प्रकरण तेवढं दोन्हीकडचं असतं, त्याकडे शेवटी येऊ.

गाडी तापलेली असताना

काटा लाल पट्ट्याकडे निघाला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर लावा. आत बसवणार नाही, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो थोडी उष्णता ओढून घेतो. सुरक्षित जागा दिसताच थांबा आणि इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बोनेटला लगेच हात लावू नका. आणि कॅप गरम इंजिनावर उघडायची नाही, फडकं धरूनही नाही. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. कॅप सैल होताच ते क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, अर्धा-पाऊण तास तरी. घाईने गार पाणी ओतलं तर तापलेल्या हेडला तडा जाऊ शकतो.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा

फार नाही. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ७५ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तो मधोमध स्थिर राहतो. तो हलला म्हणजे बरंच पाणी वाहून गेलेलं असतं, बऱ्याचदा शब्दशः. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, थंड इंजिनाचा निळा दिवा आणि धोक्याचा लाल दिवा एवढंच. त्यामुळे सतत तापणाऱ्या गाडीत ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या जोडणीला) लागणारा छोटा स्कॅनर लावून कूलंटचं खरं तापमान बघा. मोकळ्या रस्त्यावर ८५ ते १०० च्या दरम्यान आकडा स्थिर हवा. उभ्या गाडीत तो हळूहळू चढतो, फॅन लागला की उतरतो, पुन्हा चढतो. हा चढ-उतार निरोगी आहे. ११५ च्या पुढे जाऊन चढतच राहिला तर गाडी थांबवा.

एक फसवणूक मात्र स्कॅनरही करतो. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याऐवजी हवेचं तापमान सांगतो. इंजिन भाजत असतं आणि आकडा साधा दिसतो, किंवा विनाकारण उड्या मारतो. इंजिन तापलंय असं वाटतंय, वास येतोय, आणि काटा मात्र खाली, तर वासाचं ऐका.

कधी तापते, हे आधी लिहून काढा

माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. मिस्त्रीकडे जाऊन नुसतं ‘गाडी गरम होते’ म्हटलं तर तो अंदाजच करणार. कधी होते ते सांगितलं तर तो थेट जागेवर हात घालतो.

*उभी असताना किंवा गर्दीत तापते, चालू लागली की उतरते.* हा फॅनचा मामला. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच सुरू व्हायला हवा. नाही झाला तर तपासायचा क्रम असा: फ्यूज, रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच), कनेक्टर, मग मोटर. मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिले आणि ती फिरली, तर मोटर बरी आहे आणि दोष तिला चालवणाऱ्या बाजूला आहे: रिले, सेन्सर, वायरिंग. दोन वेगांच्या फॅनमध्ये हळू वेग देणारा रेझिस्टर जळतो. मग हळू वेग मरतो आणि फॅन फार उशिरा, एकदम पूर्ण वेगाने लागतो. लोक म्हणतात फॅन तर चालतोय. चालतोय, पण वेळेवर नाही. मोटर नुकतीच बदलली असेल तर तारा उलट लागून फॅन उलटा फिरत नाही ना, तेही बघा. फॅन इंजिनाच्या बाजूला असेल तर पुढच्या जाळीसमोर धरलेला कागद आत ओढला गेला पाहिजे. हे करताना बोटं लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

*मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापते, गर्दीत ठीक असते.* फॅन सोडा. इथे उष्णता जास्त तयार होते आणि ती बाहेर नेण्याइतकं पाणी किंवा वारा मिळत नाही. आधी बाहेरची बाजू बघा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढ्यातली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत माती, पानं, किडे, केस यांचा थर बसतो आणि तो समोरून दिसतच नाही. समोरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या या फटीतून मूठभर कचरा निघतो. धुताना पाण्याचा फवारा हलका ठेवा आणि शक्यतो इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, नाहीतर पंखपात्या वाकतात आणि कचरा आणखी घट्ट बसतो. रेडिएटर आतून चोंदला असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने पृष्ठभागावर फिरून बघता येतं: मधेच गार पट्टे लागले तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही.

याच गटात वॉटर पंपही येतो. पंप गळत नाही, आवाज करत नाही, म्हणजे चांगला आहे असं गृहीत धरलं जातं. पण आतलं पातं गंजून झिजलेलं असू शकतं, किंवा प्लॅस्टिकचं पातं दांड्यावर सैल होऊन नुसतं घसरत असतं. रेडिएटरचा खालचा पाइपही बघा. गाडीच्या वेगाला इंजिनाचे फेरे वाढले की पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल, तर पाणी तिथेच अडतं. आणि गाडीखालचं प्लॅस्टिकचं आवरण किंवा फॅनभोवतीचा शराउड कुणी ‘काही उपयोग नाही’ म्हणून काढून ठेवला असेल तर तो परत लावा. वारा रेडिएटरमधूनच जावा यासाठी तो असतो.

*थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते.* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकलीय, किंवा गॅस्केट. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. आकडा ९५ च्या पुढे गेला आणि रेडिएटरकडचा एक पाइप चटका देतोय, दुसरा अगदी गार, तर संशय घट्ट होतो. काढून भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून बघा. उघडताना डोळ्यांना दिसतो, अंदाजाला जागा उरत नाही.

*फक्त एसी लावल्यावर तापते.* दोष सहसा एसीचा नसतो. कंडेन्सरची उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातच सोडली जाते, आणि आधीच जेमतेम चालणारी यंत्रणा तेवढ्याने कमी पडते. पुन्हा फॅन आणि रेडिएटर.

या सगळ्यात हीटर हा फुकटचा साक्षीदार आहे. काटा वर, हीटर पूर्ण गरमवर, आणि आतून गार वारा येतोय, तर हीटरपर्यंत गरम पाणी पोचत नाहीये. पातळी कमी, हवा अडकलेली किंवा पंप मेलेला, या तिघांपैकी एक.

पातळी मोजायची पद्धत

सकाळी, इंजिन पूर्ण थंड, गाडी सपाट जागेवर. बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि तारीख टाका. गरम इंजिनावर पातळी वर दिसतेच, कूलंट फुगतं. काल संध्याकाळी भरलेली होती, आज सकाळी कमी, यातून काहीच कळत नाही. थंडची तुलना थंडशीच करायची. नव्याने भरलेल्या कूलंटची पातळी आतली हवा निघून जाताना पहिल्या काही दिवसांत थोडी उतरते, तिला घाबरू नका. त्यानंतरही आठवड्यागणिक पातळी रेघेच्या खाली सरकत असेल तर पाणी जातंय. तापमान एकदाही वाढलं नाही तरी पातळी उतरते आहे? मग पहिला प्रकार: पाणी आधी जातंय. फक्त तापलेल्या दिवसानंतरच उतरते? मग दुसरा.

ज्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळी कॅप आहे, तिथे बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. त्यामुळे थंड इंजिनावर कॅप काढून आत बघितल्याशिवाय ‘पाणी फुल आहे’ म्हणू नका.

गळती कुठे लपते

खाली ओलं दिसलं नाही म्हणजे गळती नाही, असं नाही. गरम धातूवर पडलेला थेंब जागेवरच उडून जातो आणि मागे रंगीत, पांढुरकी किंवा हिरवट-गुलाबी खपली सोडतो. टॉर्च घेऊन थेंब शोधण्यापेक्षा खपली शोधा. पाइपांच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, बाटलीच्या सांध्यावरची बारीक चीर, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियमच्या जाळीशी असलेला जोड, ही नेहमीची ठिकाणं. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथूनच ठिबकतं. ते भोक बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. इंजिनाच्या बाजूला ठोकलेले धातूचे गोल बूच गंजून पाझरतात, आणि ते बऱ्याचदा मॅनिफोल्डमागे (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांमागे) अशा जागी असतात की आरसा धरल्याशिवाय दिसत नाहीत.

गाडीच्या आत गोडसर वास, पायाखालचा गालिचा ओला, काचेवर पुसूनही न जाणारं चिकट धुकं: हीटरची जाळी गळतेय. यात बाहेर एक थेंबही पडत नाही.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनावर, कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर लिहिला असेल तेवढाच दाब, बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.४ बार, भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. दाब उतरला आणि थेंब दिसला, तर जागा मिळाली. दाब उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी आत कुठेतरी जातंय. काही गळत्या फक्त थंडपणी होतात, धातू तापून फुगला की फट मिटते. म्हणून ही टेस्ट गाडी चालवून गरम आणल्यावर लगेच करणाऱ्याला ‘उद्या सकाळी करू’ म्हणा. हट्टी गळतीसाठी कूलंटमध्ये यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) टाकून काही दिवस गाडी चालवायची आणि निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बघायचं. सोपं आणि खात्रीचं.

कॅप

सगळ्यात छोटा आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. ती प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करते: दाब धरून ठेवून उकळणं लांबवते. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर उघड्यावर ते साधारण १०७ अंशांना उकळतं, एक बार दाबाखाली १२५ च्या पुढे. कॅपचं रबर मेलं की हा वीसेक अंशांचा आधार जातो, आणि १०८ ला सहज चालणारी गाडी त्याच तापमानाला उकळायला लागते. तुम्ही फॅन शोधत बसता, रेडिएटर शोधत बसता, आणि दोष या झाकणात असतो. कॅपला उलट दिशेचाही एक झडप असतो, थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढू देणारा. तो अडकला की थंड झालेल्या गाडीत पाइप आत ओढले जाऊन चपटे दिसतात, किंवा बाटली भरत जाते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली असली तरी असंच होतं. पुन्हा पुन्हा त्रास देणाऱ्या गाडीत कॅप तपासून बघण्याऐवजी मी ती सरळ बदलतो, त्याच दाबाची. जास्त दाबाची कॅप लावून प्रश्न मिटवायचा प्रयत्न केला तर सगळ्यात कमकुवत सांधा फुटतो.

दुरुस्तीनंतरच पुन्हा तापली तर

काल कूलंट बदललं आणि आज तापते, तर आधी हवेचा संशय घ्या. हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला की तिथे पाणी नसतंच. एअर काढायचा स्क्रू असेल तर तो वापरा. नसेल तर गाडीचं तोंड उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थंड असतानाच कॅप काढून इंजिन सुरू करा आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईपर्यंत हळूहळू भरत राहा. काही इंजिनं इतकी हट्टी असतात की व्हॅक्युम लावूनच भरावं लागतं.

कूलंटबद्दल दोन गोष्टी. रंगावरून जात ठरवू नका, रंगाला कुठला सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या, कारण न जुळणारी दोन रसायनं मिसळली तर चिखलासारखा गाळ बनून नळ्या चोंदू शकतात. आणि नुसतं निव्वळ कूलंट भरणं म्हणजे जास्त चांगलं, हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. कूलंट त्याला गंजापासून, गोठण्यापासून आणि लवकर उकळण्यापासून वाचवतं. मिसळायला डिस्टिल्ड पाणी. नळाच्या जड पाण्याने क्षार साचतात. जुनं कूलंट उघड्यावर सोडू नका, ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यातलं इथिलिन ग्लायकॉल त्यांचा जीव घेतं.

थर्मोस्टॅट काढूनच टाका, हा सल्ला बराच फिरतो. त्याने तापणं काही दिवस झाकलं जातं, इंजिन गार चालतं, जास्त पेट्रोल पितं, आणि काही इंजिनांत बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा मार्ग उघडा राहिल्याने ते उलट जास्तच तापतं. गळती बुजवायची पावडर किंवा द्रव रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता ठीक. तो गळतीबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो.

हेड गॅस्केट: घोषणा करण्याआधी

बाहेर कोरडं, पातळी उतरतेय, आणि सकाळी सुरू केल्यावर इंजिन गरम व्हायच्या आतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. ही खूण मला सगळ्यात विश्वासार्ह वाटते, कारण थंड पाण्यात एवढा दाब यायला सिलिंडरमधला गॅसच हवा. बाटलीत सतत बुडबुडे, गरम इंजिनावरही सायलेन्सरमधून दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर, रात्री उभी राहिल्यावर सकाळी सुरू होताना एका सिलिंडरचं अडखळणं, एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, या सोबतच्या खुणा.

उलट काही खुणा उगाच घाबरवतात. थंडीतल्या सकाळचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर गेला तर ती साधी वाफ आहे. ऑइलच्या झाकणाखालची पांढरट साय छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूही करू नका, तशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

हेड उघडण्याआधी ब्लॉक टेस्ट करा. बाटलीच्या तोंडावरची हवा निळ्या द्रवातून ओढायची. त्यात ज्वलनाचा गॅस असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. गाडी पूर्ण गरम करून, शक्य तर तापण्याच्या परिस्थितीत आणून करा, कारण बारीक फट थंडीत गप्प बसते. एकदा निळा राहिला म्हणजे गॅस्केट निर्दोष ठरलं असं नाही.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट: ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग). तो आतून फुटला की कूलंट थेट एक्झॉस्टमध्ये जातं, पांढरा धूर येतो, आणि एक्झॉस्टचा गॅस कूलंटमध्येही शिरू शकतो. सगळ्या खुणा गॅस्केटच्या. हेड काढलं जातं, गॅस्केट चांगलं निघतं. आधी ईजीआर कूलरचे पाइप वेगळे करून त्यावर दाब लावून बघणं हे काही तासांचं काम, हेड काढणं हे काही दिवसांचं. तसंच कूलंटमध्ये ऑइल आहे पण ऑइलमध्ये कूलंट नाही, असं असेल तर ऑइल कूलर आधी बघा. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून गळती एकाच दिशेने दिसते. ऑटोमॅटिक गाडीत कूलंट गुलाबी दुधासारखं झालं तर गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधल्या कूलरमधून मिसळतंय, आणि तिथे इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची चिंता मोठी.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर नुसतं नवं गॅस्केट लावून हेड परत बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी) हेडचा सपाटपणा मोजायला सांगा. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचाच वाक चालतो. त्याहून जास्त असेल तर फेसिंग (हेड घासून सपाट करणं), आणि सोबत तड्यासाठी प्रेशर टेस्ट. ताणून बसणारे हेड बोल्ट नवेच घ्या. आणि इंजिन परत जोडलं जायच्या आधी, ज्या कारणाने गाडी पहिल्यांदा तापली होती, तो फॅन, ती कॅप, तो चोंदलेला रेडिएटर, हे त्याच वेळी दुरुस्त झालंय की नाही हे विचारा. नाहीतर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.